ढेकरशास्त्र, इयत्ता पहिली

विद्यार्थी मित्रांनो, या पाठासाठी पुढील साहित्य जवळ असावे : एक जुनी डिझेल जीप, तिला भंगारातून आणून बसवलेला टर्बो, हातभर रबरी होज, सहा क्लिपा, दहा-अकराचा पाना आणि घरी न सांगितलेला खर्च. टर्बो अजून बसवला नसेल तर पाठ इथेच मिटा. वाचता वाचता बसवावासा वाटेल, आणि ते पाप माझ्या माथी नको.

माझी पात्रता आधी सांगून टाकतो. मी मेकॅनिक नाही, मास्तर आहे. नंदुरबार जिल्ह्यात, धडगावच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेवर आठ वर्षं काढली. इंजिनाचं जे काही कळतं ते बाजाराच्या दिवशी गॅरेजसमोरच्या बाकड्यावर बसून कळलेलं आहे. कारण धडगावहून खाली उतरणारी जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि ‘भरली’ म्हणजे काय हे ड्रायव्हर ठरवतो. त्या दोन-दोन तासांत माणूस एक तर तंबाखू शिकतो, नाही तर पिस्टन. मी दोन्ही शिकलो.

सांगा पाहू!

कागदावर नऊ-दहा माणसांची असलेली जीप. आत बावीस माणसं, दोन बोकड आणि आमचूरचं एक पोतं बसवलं. वरून ड्रायव्हर म्हणाला, ‘सरका जरा.’ काय होईल?

बरोबर. माणसं फटीफटीतून बाहेर येतील. दोघं मागच्या फळीवर उभे राहतील, तिघं टपावर जातील, एक जण बॉनेटच्या बाजूला लोंबकळेल आणि ड्रायव्हर स्वतः अर्धा दाराबाहेर बसून स्टिअरिंग फिरवेल. जीप फुटत नाही, कारण बाहेर पडायला वाट आहे. आता कल्पना करा की कुणी हुशार माणसाने जीपला चारी बाजूंनी पत्रा ठोकला. माणसं तेवढीच. मग काय, पत्र्याचा सगळ्यात कच्चा सांधा जिथे असेल तिथून ती बाहेर पडतील, आणि त्या सांध्यासकट पडतील.

एवढं समजलं असेल तर तुम्हाला क्रँककेस समजला. बाकी सगळा तपशील आहे, पण परीक्षेत तपशीलच विचारतात.

डिझेल इंजिन हवा दाबतं. माझ्या जुन्या जीपचं इंजिन प्यूजोच्या घडणीचं होतं : चार सिलिंडर, प्रत्येकाचा बोअर ९० मिलिमीटर, एकूण २११२ सीसी. ते आत घेतलेली हवा विसाव्या हिश्श्याहून कमी जागेत कोंबतं, मग तिच्यात डिझेल उडवतं आणि भडका होतो. भडक्याने पिस्टन खाली जावा अशी अपेक्षा असते. तो जातोही. पण पिस्टन आणि लायनर यांच्यामध्ये फट असते, ती झाकायला रिंगा असतात, आणि रिंग बसवता यावी, तापून फुगायला जागा मिळावी म्हणून तिला एक काप दिलेला असतो. त्या कापातून आणि कडेकडेने थोडा गॅस खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे ऑइलच्या चेंबरकडे घसरतो. नव्या कोऱ्या इंजिनातही घसरतो. पुस्तकात त्याला ब्लो-बाय म्हणतात. आमचे मिस्तरी म्हणायचे, “सर, इंजिन ढेकर दी ऱ्हायनं.” मला मिस्तरींचा शब्द जास्त शास्त्रीय वाटतो.

या ढेकरात असतं काय? अर्धवट जळलेलं डिझेल, काजळी आणि पाण्याची वाफ. पाणी कुठून आलं म्हणाल, तर एक लिटर डिझेल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. त्यातलं बहुतेक सायलेन्सरवाटे उडून जातं, थोडं रिंगांमधून खाली झिरपतं. खाली क्रँक मिनिटाला दोन-तीन हजार वेळा गरगरत असतो आणि ऑइलचे तुषार उडवत असतो. ते तुषार या गॅसमध्ये मिसळतात आणि सगळा ऐवज बाहेरची वाट शोधतो. त्याच्यासाठी कंपनीने एक नळी ठेवलेली असते, तिला ब्रीदर म्हणतात. इंजिनाची बाकी सगळी अंगं कौतुकाने पुसली जातात. ब्रीदर मात्र घरातल्या म्हाताऱ्यासारखा : कोपऱ्यात बसतो, खोकतो, थोडं अंगावर सांडतो, आणि त्याला गप्प करावं असं नव्या पिढीला फार वाटतं.

मलाही वाटलं होतं. ती हकीकत पुढे येईल.

आता टर्बोचं काय? तळोद्याहून चांदसैली घाट चढून धडगावला येताना जुनी जीप पहिल्या गिअरमध्ये जे रडते ते ऐकून कोणालाही दया येईल. टर्बो सायलेन्सरकडे जाणाऱ्या गॅसवर पंखा फिरवतो आणि दुसऱ्या बाजूने इंजिनात जास्त हवा कोंबतो. जास्त हवा म्हणजे जास्त डिझेल, जास्त भडका, जास्त ताकद. आणि जास्त ढेकर. हा शेवटचा भाग टर्बो विकणारा सांगत नाही. शिवाय टर्बोच्या दांड्याला इंजिनाचंच ऑइल लागतं, ते पुन्हा चेंबरमध्ये उतरतं. त्याचं सील झिजलेलं असेल, आणि भंगारातल्याचं असतंच, तर तिथूनही दाबाखालचा गॅस चेंबरमध्ये शिरतो. म्हणजे बावीस माणसांच्या जीपमध्ये तुम्ही आणखी आठ घेतलीत आणि मागची फळी होती तेवढीच ठेवलीत.

करून पहा

इंजिन गरम करा, संथ चालू ठेवा. ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण आटे सोडवून नुसतं उलटं ठेवा. ते जागच्या जागी थरथरलं तर देवाचे आभार माना. टिणटिण नाचलं तर मिस्तरींना भेटा. उडून बॉनेटवर आपटलं आणि मागून धुराचा लोट आला तर रिंगा गेल्या आहेत. त्यावर ब्रीदर, नळी, डबा असला कोणताही इलाज नाही. इंजिन खोला. ऑइलची गेजपट्टी आपोआप वर उचलली जात असेल तर निदान तेच.

दुसरा प्रयोग मला जास्त आवडतो, कारण तो शाळेत करता येतो. मेडिकलमधून सलाइनची नळी आणा. फळीवर इंग्रजी यू अक्षरासारखी ठोका, निम्मी पाण्याने भरा, पाणी दिसावं म्हणून त्यात चिमूटभर कुंकू टाका. एक टोक मोकळं, दुसरं टोक गेजपट्टीच्या नळीत घट्ट बसवा. इंजिन चालवा. दोन्ही बाजूंच्या पाण्यात जेवढं अंतर पडेल तेवढा चेंबरमधला दाब. दहा सेंटिमीटरचं अंतर म्हणजे हवेच्या दाबाचा साधारण शंभरावा भाग. ऐकायला अगदी किरकोळ. पण क्रँकच्या टोकांची ऑइल सीलं जवळजवळ शून्य दाबासाठी घडवलेली असतात. त्यांच्या ओठांना एवढा रेटाही रोज सोसवत नाही. ठणठणीत इंजिन पाणी जेमतेम हलवतं. माझ्या जीपने कुंकवाचं पाणी माझ्या सदऱ्यावर उडवलं. चौथीच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या.

इथे एक खोडी सांगून ठेवतो, ती भल्याभल्यांना चकवते. डिझेल गाडीच्या ब्रेकला व्हॅक्यूम पंप लागतो. पुष्कळ गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीवर असतो, इंजिनाचंच ऑइल पितो आणि ओढलेली हवा चेंबरमध्ये सोडतो. ब्रेकची व्हॅक्यूमची नळी कुठे चिरली असेल तर तो बिचारा दिवसभर बाहेरची हवा ओढून चेंबरमध्ये भरत बसतो. आपण समजतो रिंगा गेल्या. तेव्हा इंजिन खोलायच्या आधी ती नळी बोटाने चाचपा. एका बोटाने हजारो रुपये वाचतात. मिस्तरींनी हे मला फुकट सांगितलं, म्हणून मीही फुकट सांगतो.

माहीत आहे का तुम्हांला?

पूर्वी ब्रीदरची नळी सरळ खाली रस्त्याकडे सोडलेली असे. गाडी पळाली की वारा त्या टोकाजवळून ओढ घेई आणि गॅस निघून जाई. गाडी उभी असली की ओढही नसे. अमेरिकेत जुन्या काँक्रीटच्या रस्त्यांवर लेनच्या मधोमध जो काळा पट्टा पडायचा त्यात या नळ्यांची कमाई मोठी होती. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे पाण्यातून न्यायची वेळ आली, तेव्हा उघडी नळी ठेवून चालेना. मग ढेकर परत इंजिनालाच खायला घालायची युक्ती निघाली. पुढे लॉस एंजलिसच्या धुरक्याने लोकांचे डोळे चुरचुरायला लागले. आरी हागेन-स्मिट या डच रसायनतज्ज्ञाने ते गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या न जळलेल्या वाफांचं काम आहे हे दाखवून दिलं. पेट्रोल गाडीच्या अशा वाफांचा सुमारे पाचवा हिस्सा सायलेन्सरमधून नव्हे, ब्रीदरमधून येत होता. कॅलिफोर्नियात १९६१च्या गाड्यांपासून पीसीव्ही नावाची झडप बसू लागली. गाडीच्या प्रदूषणावर माणसाने केलेला हा पहिला इलाज. पेट्रोल गाडीत ती झडप आजही असते. काढून कानाशी हलवा, टिकटिक वाजली तर जिवंत, नाही वाजली तर मळाने मेली. पेट्रोल गाडीला टर्बो लावणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की टर्बो फुंकू लागला की मॅनिफोल्डमधली ओढ जाऊन तिथे दाब येतो. एकाच दिशेने उघडणारी झडप मध्ये नसेल तर ढेकर उलटा पोटात जातो. बुलेटवाल्यांनी फुशारकी मारू नये. त्यांच्याकडे एकच मोठा पिस्टन खालीवर होताना सगळा क्रँककेसच भात्यासारखा फुंकतो, म्हणून त्यांच्या जुन्या इंजिनाला बदकाच्या चोचीसारखा रबरी ब्रीदर असायचा.

डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये अशी ओढ मुळात नसते. म्हणून आपल्या जीपला ही झडप नाही, नुसती नळी आहे. आणि आता ती हकीकत.

टर्बो बसवल्यावर माझ्या जीपच्या ब्रीदरने दर फेरीला पाव वाटी तरी ऑइल ओकायला सुरुवात केली. पुढच्या चाकाच्या कमानीवर चिकट थर, त्यावर घाटातली लाल धूळ. एका उत्साही सहकाऱ्याने सल्ला दिला, की नळीत एक बोल्ट ठोका, प्रश्न मिटला. मी ठोकला. आठवडाभर जीप अशी स्वच्छ राहिली की मी लोकांना मुद्दाम बॉनेट उघडून दाखवत असे. पुढच्या सोमवारी चांदसैलीच्या एका वळणावर क्लच घसरू लागला. इंजिन ओरडतंय आणि जीप जागच्या जागी. क्रँकचं मागचं सील बाहेर ढकललं गेलं होतं आणि सगळं ऑइल क्लचप्लेटवर. खाली दरी, वर धुकं, मागे पिकअपवाल्याचा हॉर्न. एका पिकअपने टोचन करून धडगावात आणलं. मिस्तरींनी तो बोल्ट काढला, तळहातावर ठेवून बराच वेळ न्याहाळला आणि मला परत दिला. बोलले काहीच नाहीत. आठ वर्षांत माझा एवढा अपमान कोणत्याही शिक्षणाधिकाऱ्याने केला नव्हता.

अस्तंभ्याच्या डोंगरावर अश्वत्थामा कपाळाच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो असं आमच्याकडे मानतात. दिवाळीत तळोद्याहून यात्रेकरू चढतात. त्या वर्षी मी जीपच्या चेंबरमध्ये तेल ओतता ओतता त्याचा फार विचार केला. त्याने निदान कशात बोल्ट ठोकला नव्हता.

यावरून पहिला नियम आपोआप निघतो, पण दुसरा निघत नाही, म्हणून तो सांगायला हवा. बोल्ट काढल्यावर मी ब्रीदरची नळी टर्बोच्या तोंडाकडच्या पाइपात जोडून टाकली. ढेकर परत पोटात, रस्ता स्वच्छ, अमेरिकेसारखं. कागदावर बरोबर. फक्त मध्ये ऑइल वेगळं करणारं काही नव्हतं आणि नळीला एके ठिकाणी झोळ पडला होता. झोळात ऑइल साचत गेलं. डिझेल इंजिनाला जळायला डिझेलच हवं असा आपला समज असतो, इंजिनाचा नसतो. त्याला ऑइलही चालतं.

गॅरेजच्या अंगणात मिस्तरींनी हवेचा पाइप फिल्टरवरून काढून पाहिला आणि मला रेस मारायला सांगितलं. मी मारली. झोळातलं ऑइल एकदम आत ओढलं गेलं आणि इंजिनाने स्वतःच रेस पकडली. पाय काढला तरी आवाज वाढतोय. चावी फिरवली, बंद करायची वायर ओढली, काही नाही. डिझेल बंद होतं, जीप स्वतःचं ऑइल पिऊन पळत होती. निळापांढरा धूर बाजारभर. एका शेळीने दावं तोडलं.

विद्यार्थी मित्रांनो, इथे पुस्तक बाजूला ठेवून नीट ऐका. अशा वेळी हवा बंद करायची. हवेच्या तोंडावर जाड, सपाट, न वाकणारं काहीतरी दाबायचं, फळी किंवा पत्रा. हात लावायचा नाही, टर्बो हात सोडत नाही. फडकं लावायचं नाही, ते आत जातं. गाडीत बसलेले असाल तर ब्रेक करकचून दाबायचा, वरचा गिअर टाकायचा आणि क्लच सोडून इंजिन कोंडून बंद पाडायचं. आणि यातलं काहीच जमत नसेल तर लांब पळायचं. इंजिन पुन्हा मिळतं.

मी तिसरा पर्याय निवडला होता. मिस्तरींनी माझ्या बाकड्यावरून हाताला लागलेली पहिली जाड वस्तू उचलली आणि पाइपाच्या तोंडावर दाबली. इंजिन दोन आचके देऊन थांबलं. ती वस्तू म्हणजे शाळेचं पुठ्ठ्याच्या बांधणीचं हजेरीपत्रक. पण त्याचं पुढे.

कृती

तेव्हा ब्रीदर आणि टर्बो यांच्या मध्ये डबा हवा. ढेकर आत येईल, थंड होईल, ऑइल आणि पाणी खाली बसेल, गॅस वरून निघून जाईल असा. बाजारात निळे-लाल चकचकीत मिळतात. त्यातले काही आतून अगदी रिकामे असतात. दोन्ही नळ्या समोरासमोर, म्हणजे ढेकर एका दारातून आला आणि दुसऱ्याने ‘रामराम’ म्हणत गेला. आम्ही घरातला निकामी पाच लिटरचा कुकर घेतला. जाड भांडं, घट्ट झाकण, रबरी रिंग. शिट्टी मात्र घरीच ठेवा. तीही बसवणार असाल तर वरची बोल्टची हकीकत परत वाचा. ॲल्युमिनियमला झाळ सहजी धरत नाही, म्हणून भोकं पाडून वॉशर आणि नट लावून नळ्यांची तोंडं बसवली. आत येणारं तोंड खाली वाकवलं, म्हणजे गॅस तळाकडे जाऊन वळेल आणि वळताना ऑइलचे थेंब टाकून देईल. मध्ये भांडी घासायच्या जाड स्टीलच्या घासण्या भरल्या. बारीक तारेचा काथ्या भरू नका, त्याचे तुकडे तुटतात आणि टर्बोच्या पंख्याला ते लोखंडी पाऊस वाटतात. घासणीच्या वरही जाळी ठोका.

नळी ब्रीदरच्या तोंडाएवढीच जाड, अरुंद अजिबात नको. इंजिनापासून डब्यापर्यंत सतत चढ किंवा सतत उतार, झोळ कुठेही नाही. साधी पाण्याची रबरी नळी वापरू नका, ऑइलने ती भिजवलेल्या वालासारखी फुगते. डबा टर्बोपासून लांब, वारा लागेल तिथे. तळाला एक चकली बसवा, ती घट्ट मिटते का ते पहा.

हे झाल्यावर चेंबरमधलं ऑइलही मोजा. गेजपट्टीच्या वरच्या खुणेच्या पुढे भरलं तर क्रँक त्यात बुडून ताक घुसळल्यासारखं घुसळतो, आणि जगातला कोणताही डबा त्या फेसाला पुरा पडत नाही. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ हे वरणाला लागू आहे, ऑइलला नाही.

डबा किती दिवसांनी रिकामा करायचा? उन्हाळ्यात महिन्याने चालेल. थंडीत, विशेषतः तोरणमाळकडे सुमारे ११५० मीटरवर रात्र काढणाऱ्या गाडीचा, आठवड्याने. गार इंजिन, जवळच्या फेऱ्या, मग वाफ आतच थिजते. ऑइलच्या झाकणाखाली पिवळसर सायीसारखा थर दिसतो. तो दिसला की लोक हेड गॅस्केट गेलं म्हणून छाती पिटतात. आधी एक लांब फेरी मारून इंजिन नीट तापवा आणि पुन्हा पाहा. गेजपट्टीवरचं ऑइलच दुधाच्या चहासारखं झालं असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर मात्र पिटा. डब्यातला काढा परत इंजिनात ओतायचा नाही, त्यात पाणी आणि आंबटपणा दोन्ही असतो. रस्त्यावरही नको. खाली नर्मदा आहे.

कायद्याचंही एक वाक्य असावं म्हणून : मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ कंपनीने दिलेल्या रूपात मूलभूत बदल करायला मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते आणखी ठळक केलं. पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी घालतो, कुकरचं झाकण उघडत नाही. म्हणून कुकर कायदेशीर होत नाही. माझी जीप एमएच १८, म्हणजे नंदुरबार १ जुलै १९९८ ला वेगळं व्हायच्या आधीची, धुळ्याची. टर्बो मी पुढे काढून टाकला. घाट पहिल्या गिअरमध्येच चढत राहिलो. कुकर ठेवला, कारण जुनं इंजिन टर्बोशिवायही ढेकर देतच होतं, आणि तळाला साचणारं दर महिन्याला वाढलं की रिंगांची वेळ जवळ आली हे त्यावरून कळायचं.

स्वाध्याय

१. रिकाम्या जागा भरा : ब्रीदरच्या नळीत बोल्ट ठोकल्यास ऑइल ______ वर जाते.

२. कारणे द्या : कुकर आहे पण शिट्टी नाही.

३. उपक्रम : पुढील प्रसंग वाचून संवाद लिहा. विस्तार अधिकारी शाळा तपासायला आले. हजेरीपत्रकाच्या जुलै महिन्याच्या पानावर तीन इंचांचं काळं गोल वर्तुळ होतं, त्यात ‘ह’, ‘ह’, ‘गै’, ‘ह’ तेलात बुडालेले. साहेबांनी विचारलं, “गुरुजी, हे काय?” गुरुजींनी खरं सांगितलं. साहेबांनी बराच वेळ वर्तुळाकडे पाहिलं, मग बाहेर उभ्या आपल्या जीपकडे पाहिलं, आणि विचारलं, “कुकर किती लिटरचा घेतला होता?”